दोन कामांचा एक गडी

अमेरिकेत ज्याला 'फुटबॉल' म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदीच निराळा. चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळायचा किंवा लांब फेकायचा; पायाने मारण्याचे प्रसंग थोडेच. अकरा-अकरा गड्यांच्या या खेळात प्रत्येकाचे काम काटेकोर वाटून दिलेले असते. अडवणारा अडवतो, झेलणारा झेलतो. अपवाद एका जागेचा. तिचे नाव 'टाइट एंड'. आघाडीला अडवणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांच्या रांगेला खेटून, टोकाला हा उभा राहतो. एका खेळीत त्याने समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाला अंगाने थोपवायचे, आणि पुढच्याच खेळीत तिथूनच सुटून, धावत जाऊन, मागून आलेला चेंडू झेलायचा. आपल्या यष्टिरक्षक-फलंदाजासारखेच हे दुहेरी काम. फक्त इथे दर खेपेला धडकही सोसावी लागते.

कॉलेजातून बाहेर पडणारा असा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा पुढे कसा निघेल, हे ओळखणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

पारख करण्याचा थाट मात्र मोठा. १९८७पासून इंडियानापोलिस शहरात त्यासाठी जवळजवळ दरवर्षी मेळावा भरतो. मुलांची उंची, वजन, हाताची लांबी, एवढेच काय, पंजाची वीतही मोजतात. चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर धावायला लावतात. २२५ पौंडांचे, म्हणजे १०२ किलोंचे वजन छातीवरून किती वेळा उचलता येते ते पाहतात. जागेवरून उंच आणि लांब उड्या झाल्या की डॉक्टर सांधे नि सांधा दाबून बघतात. मग एप्रिलमध्ये बत्तीस व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत आपापली निवड करतात. मुलाचे नाव कितव्या क्रमांकाला पुकारले जाते त्यावर पहिल्या चार वर्षांची कमाई ठरते. वरच्या क्रमांकाचा मुलगा एका सहीसरशी घरादाराचे दैन्य फेडू शकतो. खालच्या क्रमांकाच्या मुलाला संघात टिकण्याचीही हमी नसते.

२०१७ सालचीच निवड पाहा. पहिल्या फेरीत तीन टाइट एंड घेतले गेले : एकोणिसावा ओ. जे. हॉवर्ड, तेविसावा इव्हन एन्ग्रम आणि एकोणतिसावा डेव्हिड एन्जोकू. आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज किटलचे नाव पाचव्या फेरीत, तब्बल १४६वे आले. कारण उघड होते. कॉलेजच्या सबंध कारकीर्दीत त्याच्या नावावर अवघे ४८ झेल होते. पण आयोवाचा संघ धावून आणि अडवून खेळणारा. तिथल्या टाइट एंडकडे चेंडूच कमी येतो, मग झेलांची बेरीज कुठून वाढणार? किटल चाळीस यार्ड ४.५२ सेकंदांत धावला होता आणि अडवण्यात तरबेज होता. दोन्ही गोष्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या, तरी पाहिला गेला तो बेरजेचा आकडा. दुसऱ्याच वर्षी, २०१८मध्ये, या मुलाने झेलांवर १,३७७ यार्ड मिळवले. टाइट एंडने एका मोसमात मिळवलेला तो तेव्हाचा विक्रम होता. हॉवर्डच्या वाट्याला मात्र दुखापती आल्या.

अँटोनिओ गेट्सची कथा याहून नवलाची. केंट स्टेट विद्यापीठात तो बास्केटबॉल खेळे. कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नाही. २००३च्या निवडीत सातही फेऱ्या संपल्या, त्याचे नाव कोणी घेतले नाही. सॅन दिएगोच्या संघाने त्याला नंतर करारावर घेतले. बास्केटबॉलमध्ये टोपलीखाली प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन, आपले अंग आडवे घालून चेंडू मिळवावा लागतो. उडी केव्हा मारायची हे तिथे रक्तात भिनते. घड्याळाने वा फूटपट्टीने मोजता न येणारा हा गुण गेट्सजवळ होता. त्याने ११६ टचडाउन झेलले. आजवर कुठल्याही टाइट एंडला इतके जमलेले नाहीत. २०२५मध्ये त्याला खेळातल्या थोरांच्या मालिकेत जागा मिळाली.

आता उलट उदाहरण. २०२१मध्ये काइल पिट्स चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. इतक्या वर कुठल्याही टाइट एंडचे नाव कधी आले नव्हते. पहिल्याच वर्षी त्याने १,०२६ यार्ड केले आणि सारे खूष झाले. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला. पुढच्या तिन्ही मोसमांत चेंडू फेकणारा मुख्य गडी दरवर्षी नवा, आणि त्या तीन वर्षांत पिट्सला हजारी एकदाही गाठता आली नाही. यात मुलाचा दोष किती आणि फेकणाऱ्याचा किती, हे कोणत्या फूटपट्टीने मोजणार?

म्हणूनच जाणते लोक म्हणत आले की, टाइट एंडला तिसरे वर्ष लागेपर्यंत नावे ठेवू नयेत. त्याला एकदम दोन विषय शिकायचे असतात, आणि समोर उभे असतात ते तिशीला आलेले, हाडापेराने पक्के झालेले पुरुष. टोनी गोन्झालेझ १९९७मध्ये तेराव्या क्रमांकावर आला. दुसऱ्या मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू निसटले की तो टीकेचा विषय झाला. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,३२५ झेल होते. ट्रॅव्हिस केल्सी तर २०१३मध्ये पहिल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे एकच सामना खेळला. किटलचा विक्रम २०२०मध्ये मोडला तो त्यानेच, १,४१६ यार्ड करून.

आताशा हा तीन वर्षांचा आडाखाही डळमळू लागला आहे. २०२४मध्ये ब्रॉक बॉवर्सने पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतले; नवशिक्यांत आजवर कोणत्याही जागेवरच्या खेळाडूला इतके जमले नव्हते.

आयोवाकडे मात्र निवडकर्त्यांचे लक्ष नक्कीच गेले. २०१९मध्ये तिथलेच दोन टाइट एंड, टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट, पहिल्याच फेरीत उचलले गेले. २०२३मध्ये तिथला सॅम लापोर्टा निवडीला उभा राहिला. पहिली फेरी त्याला न घेताच संपली. चौतिसाव्या क्रमांकावर डेट्रॉइटने त्याला घेतले, आणि पहिल्या मोसमात त्याने ८६ झेल टिपले.