निर्दोष सुटलेल्यांची भरपाई कायद्याने हक्काची करा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. गृहमंत्री, मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांची निर्दोष मुक्तता केली. भटक्या जमातीतली, मजुरीवर जगणारी ही माणसे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर पडलेला दरोडा, हत्या आणि बलात्कार यांचा आळ त्यांच्यावर आला होता. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची जन्मठेप केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना पुन्हा फाशीच दिली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने नोंदवले, की हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांच्याविरुद्ध तपास पुढे नेलाच गेला नाही. म्हणजे सहा निरपराध आत सडले आणि ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनाही न्याय मिळाला नाही.

सोळा वर्षांच्या कैदेबद्दल राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. दिवसाला ८६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि एवढेही मिळेलच याची शाश्वती नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये निर्दोष सुटले, पण त्यांची भरपाईची मागणी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. बिहारमध्ये निर्दोष ठरल्यानंतरही १४ वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला १९८३ मध्ये ३५ हजार रुपये मिळाले होते. कुणाला किती मिळणार, मिळणार की नाही, हे सगळे त्या त्या न्यायपीठावर अवलंबून. कारण आपल्याकडे यासाठी कायदाच नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही विनाकारण झालेल्या अटकेसाठी कमाल भरपाई १ हजार रुपयेच आहे.

विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७व्या अहवालात भरपाईचा कायदा आणि त्यासाठी विशेष न्यायालये सुचवली. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाने पाहावा, असे म्हटले. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत येते. त्यामुळे दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण महाराष्ट्राला नाही.

‘संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांना पैसे कशाला?’ असे विचारले जाईल. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. सरकारला ते जमले नाही, तर तो माणूस कायद्याने निर्दोषच असतो. त्याने सुटकेनंतर स्वतःचे निरपराधपण नव्याने सिद्ध करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पोलिसांचा दुष्ट हेतू सिद्ध झाला तरच भरपाई, ही अटही नको. तपास चुकला असेल किंवा मुद्दाम वाकवला असेल, कैद्याची वर्षे सारखीच जातात. जर्मनीत अशा कैदेच्या प्रत्येक दिवसाला ७५ युरो ठरलेले आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात वर्षाला ५० हजार डॉलर आणि फाशीच्या छायेत काढलेल्या वर्षाला १ लाख डॉलर आहेत. दर ठरलेला असला, की हात पसरावे लागत नाहीत.

म्हणून येत्या अधिवेशनात विधेयक आणा. शिक्षा अंतिमतः रद्द होताच कैदेच्या प्रत्येक वर्षामागे ठरलेली किमान रक्कम द्या. फाशीच्या कोठडीतल्या वर्षांसाठी ती दुप्पट असावी. वकिलांची फी, बुडालेली मजुरी, जडलेले आजार यांचा हिशेब वेगळा व्हावा. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावा. मनोधैर्य योजनेतल्या पीडितांची प्रकरणे ते हाताळतेच, म्हणजे यंत्रणा उभी आहे. निकाल साठ दिवसांत लागावा. सुटकेच्या दिवशीच तातडीची मदत, ओळखपत्रे, रेशनकार्ड आणि उपचारांची सोय हातात पडावी. जाणूनबुजून पुरावे दडवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, तो निवृत्त झाला असला तरी, रक्कम वसूल व्हावी.

गेलेली वर्षे कोणतेही सरकार परत देऊ शकत नाही. पण ती सरकारच्या नावाने हिरावली गेली, हे मान्य करणे आणि पुढचे आयुष्य उभे करायला पैसे देणे आपल्या हातात आहे. उच्च न्यायालयात पुन्हा वकील लावून, पुन्हा वर्षानुवर्षे खेटे घालून ते मागण्याची वेळ त्या माणसावर आणू नका. विधेयकाचा मसुदा केव्हा मांडणार, ते जाहीरपणे सांगा.

आपली विश्वासू,
महाराष्ट्राची एक नागरिक