एक तारीख

मध्यमवर्गीयांच्या पंचांगात वर्षातून बारा वेळा येणारा एक सण आहे. त्याला तिथी लागत नाही, नक्षत्र लागत नाही, भटजी तर नाहीच नाही. त्या सणाचे नाव एक तारीख. दूधवाला, पेपरवाला, वाणी, सोसायटीचे चिटणीस, मुलांच्या शिकवणीचे सर ही सारी मंडळी या एका दिवसाकडे डोळे लावून बसलेली असतात. आमची डोंबिवली तर या तारखेच्या भरवशावरच वसली. मुंबईच्या चाळीतली दीड खोली सोडून इथे दोन खोल्यांचा ब्लॉक घेणाऱ्यांजवळ दुसरे भांडवल होते कुठे? पगार बेताचाच, पण तो अमुक दिवशी येणार म्हणजे येणार, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेवढ्या जोरावर कर्जे काढली गेली, हप्ते फिटले, मुली उजवल्या.

हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे आमचा लेडीज डबा. 2024 च्या जुलैत महाराष्ट्र सरकारची ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि या डब्यातल्या वादाला नवा विषय मिळाला. महिन्याला दीड हजार रुपये फुकट! कशाला? बायका आळशी होतील, नवरे दारूत उडवतील, कर मात्र आपण भरायचा. हा मुद्दा सर्वांत हिरिरीने मांडणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीचा पगार त्याच दिवशी खात्यात जमा झाला होता आणि तिने तो ठाण्यापर्यंत दोनदा मोबाइलवर पाहूनही घेतला होता. तिच्या मुद्द्यात तथ्य नाही असे नव्हे. पण दरमहा न चुकता हाती येणारा पैसा माणसाला बिघडवतो, हे आपण म्हणावे, याची मला मोठी मौज वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या असल्याच पैशावर जगल्या. त्याचे नाव मनिऑर्डर. टपालखात्याने ही सोय 1880 मध्ये सुरू केली आणि 2015 मध्ये तिचा जुना अवतार संपला. या एकशे पस्तीस वर्षांत कोकणातल्या आणि घाटावरच्या किती चुली तिने पेटत्या ठेवल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. नवरा परळ-लालबागच्या गिरणीत, बायको गावी. म्हणायला सवाष्ण, पण वर्षाचे अकरा महिने पोरे, म्हातारी माणसे, गुरे, देणेकरी हे सगळे तिचे तिनेच सांभाळायचे. पोस्टमन पायरीवर बसून नोटा मोजी, ती अंगठा उठवी आणि कूपनावरच्या दोन ओळी कुणाकडून तरी वाचून घेई. रक्कम थोडकीच असे. पण गावचा वाणी त्या रकमेकडे पाहून नव्हे, तर ती येत राहणार आहे याकडे पाहून उधारीची वही उघडी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि इकडे गावोगावच्या पोस्टमनची वाट ओस पडली. वाण्याच्या वह्या आधी मिटल्या. उपासमार मागून आली.

हे काही आपल्याकडचेच नाही. पहिल्या महायुद्धात विलायतेत सैनिकांच्या बायकांना सरकारकडून ठराविक भत्ता मिळू लागला. लिव्हरपूलमध्ये त्या कामात असलेल्या एलिनॉर रॅथबोन या बाईंच्या लक्षात आले की नवरा समोर नसताना, पण भत्ता नियमित येत असताना, या बायका घर नीट चालवतात. किंबहुना काही घरे पूर्वीपेक्षा बरी चालतात. बाईंनी मग वीस-पंचवीस वर्षे एकच ध्यास धरला : मुलांसाठी दर आठवड्याला पैसे द्या आणि ते आईच्या हाती द्या. 1945 मध्ये कायद्याचा मसुदा आला, त्यात पैसे बापाला मिळतील असे होते. बाईंनी आकाशपाताळ एक केले आणि ते आईच्या नावावर करून घेतले. 1946 च्या ऑगस्टात पहिल्या मुलानंतरच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. बाई मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या.

मनिऑर्डर करणाराच गेला तर काय, या प्रश्नाला महाराष्ट्र सरकारने 1980 मध्ये एक उत्तर दिले : संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ अशांना दरमहा काही रक्कम. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांपाशी अडखळण्याची खोड आहे. ‘निराधार’ हा शब्द मला कधी रुचला नाही. घरात दोन पोरे आणि एक सासू जिच्या आधारावर जगतात, तिलाच आपण निराधार म्हणायचे! ते असो. 2019 मध्ये ही रक्कम एकटीला 1,000 आणि दोन मुले असलेल्या विधवेला 1,200 अशी झाली. 2023 मध्ये ती सरसकट 1,500 वर गेली. वाढली हे चांगलेच झाले. उत्पन्नाची अट मात्र कित्येक वर्षे तिथेच राहिली : कुटुंबाला वर्षाला 21,000 रुपये. वाचकांनी भागाकार करून पाहावा. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. चार जुड्या भाजी विकणारी बाईसुद्धा या अटीत बसायची नाही. तेव्हा ती दाखल्यावर एकवीस हजार लिहून आणते. लिहिणाऱ्याला ठाऊक असते, सही करणाऱ्याला ठाऊक असते. सरकार आधी तिच्याकडून खोटे वदवून घेते आणि मग बायका खोटे दाखले आणतात म्हणून आपणच डोळे वटारतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शहापूरकडची एक बाई कसारा लोकलने भाजी घेऊन येते. पावसाळ्यात शेवळे, टाकळा, करटोली. पुढे काकडी, भेंडी, चवळीच्या शेंगा. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. नाव सांगत नाही, तिला ते आवडायचे नाही. “तुम्हालाही लाडकीचे पैसे मिळतात का हो?” असे मी एकदा विचारले.

“लाडकीचे नाय ताई, निराधारचे. एकीला दोन नाय देत.”

खरेच आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर लाडकी बहीण होता येत नाही. म्हणजे जिचा नवरा कमावता आहे तिलाही दीड हजार आणि जिला नवरा नाही तिलाही दीड हजारच. “पण दीड हजारात काय होते?” असे विचारल्यावर ती हसली.

“काय होतंय? पन वान्याकडं तोंड दाखवता येतं.”

मग तिने जो हिशेब सांगितला तो ऐकून आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी वही काढावी. तिला रेशनवर धान्य मिळते आणि 2023 च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. पण नुसता भात घशाखाली उतरत नाही. तेल, डाळ, मीठ, मिरची, साबण, वह्या, डॉक्टरची फी, मोबाइलचा रिचार्ज यांतले काहीही रेशनच्या गोणीत येत नाही. त्याला रोकड लागते. पूर्वी ती त्या दिवसाच्या विक्रीतून त्या दिवसाचे तेल आणी, छोटीशी पुडी. पुडीचे तेल लिटरच्या पिशवीपेक्षा महाग पडते, हे तिला आपल्याइतकेच कळत होते. पण पिशवीचे पैसे एका वेळी हातात असतील तेव्हा ना! आता पैसे आले की पहिली पिशवी तेलाची. बचत गटात महिन्याला शंभर रुपये भरावे लागतात. दोन हप्ते चुकले म्हणून तिचे नाव एकदा वगळायची वेळ आली होती. निराधारच्या पैशातून ते शंभर आधी बाजूला निघू लागले आणि तिसऱ्या वर्षी गटाच्या कर्जातून दोन शेळ्या आल्या. सरकारने शेळी दिली नाही. सरकारने दिलेल्या पैशामुळे चार बायका तिला शेळीपुरते कर्ज द्यायला तयार झाल्या.

आणखी एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली, पण मला ती सर्वांत मोठी वाटते. नवरा होता तेव्हा ही जोडी भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जाई. ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर दिवाळीच्या सुमारास हा खेळ ठरलेला असतो. पाऊस संपलेला, आवणीची मजुरी खाऊन झालेली, हातात दमडी नाही. नेमका तेव्हाच भट्टीमालकाचा मुकादम नोटांचे पुडके घेऊन दारात येतो. याला उचल म्हणतात. उचल एकरकमी, घसघशीत. तिच्यावर सण होतो, आजारपण निघते, एखादे लग्नही लागते. मग दिवाळी उरकून पोराबाळांसह बिऱ्हाड भट्टीवर जाते ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. मुलांची शाळा तिथेच बुडते. हंगामाअखेर हिशेब होतो आणि पुष्कळदा पैसे अंगावरच निघतात. मग पुढच्या वर्षीचे जाणे आताच ठरून जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे आणि त्याच्या अंमलासाठी याच जिल्ह्यात माणसांनी संघटना बांधून लढे दिले. तरी उचल राहिलीच. कारण ऐन नडीच्या वेळी तिच्याशिवाय दुसरा पैसा दारात येत नाही.

नवरा गेल्यावर पहिली दोन वर्षे ही बाई दिरा-जावेबरोबर भट्टीवर गेली. पुढच्या वर्षी मुकादम आला तेव्हा तिने नाही म्हटले. थोडा पैसा महिन्याच्या महिन्याला येत होता, मुलगी शाळेत रुळली होती, आणि ताजी भाजी डोंबिवलीत खपते हे कळले होते. उचलही रोकडच आणि अनुदानही रोकडच. पण एकीने माणूस बांधला जातो आणि दुसऱ्याने त्याला नाही म्हणता येते.

मध्य प्रदेशात इंदूरकडच्या आठ खेड्यांत 2011-12 मध्ये याची पद्धतशीर परीक्षा घेण्यात आली. ‘सेवा’ ही बायकांची संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून प्रत्येक प्रौढाला महिन्याला 200 आणि मुलाला 100 रुपये दिले, पुढे ते 300 आणि 150 केले. अट कोणतीही नाही. बाईचा पैसा बाईच्या नावे. दारू वाढल्याचे दिसले नाही. दिसले ते असे की माणसे दुसऱ्याच्या बांधावर कमी आणि स्वतःच्या कामात जास्त राबू लागली, कर्जे हलकी झाली, मुलांच्या शाळेवरचा खर्च वाढला. आळशीपणाबद्दल आमच्या डब्यातल्या मैत्रिणीला मी हे सांगितले. ती म्हणाली, “तिकडची माणसे वेगळी असतील.” यावर काय बोलणार!

एक मात्र तिचे मला पुरते मान्य आहे. या पैशाला राजकारणाचा वास येतो. 2024 मध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते राखीपौर्णिमेच्या सुमारास एकदम आले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे दोन पुन्हा एकदम, निवडणुकीच्या आधी. ओवाळणी अशी येते, ठीक. पण घर ओवाळणीवर चालत नाही. निराधारच्या पैशाचे दुखणे याच्या उलट. शहापूरची बाई सांगते की पूर्वी तीन-तीन महिने काहीच येत नसे आणि मग सगळे एकदम येई. तीन महिन्यांचे साडेचार हजार एकदम आले म्हणजे नुकसान काय, असे आपल्याला वाटेल. नुकसान असे की मधल्या दोन महिन्यांत तेल पुन्हा पुडीवर येते, गटाचे शंभर चुकतात आणि मुकादमाला दार उघडे सापडते. थेट खात्यात पैसे जाऊ लागल्यापासून थोडा फरक पडला आहे. तारीख मात्र अजून कुणी सांगत नाही. आपला पगार “या तिमाहीत केव्हातरी” होईल असे कुणी कळवले तर आपण दुसऱ्या दिवशी मोर्चा काढू.

2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा तर गंमतच झाली. स्वतःच्या आधारक्रमांकाबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधारक्रमांक मागितला. जिचे दोघेही हयात नाहीत तिने काय करावे, हे आधी कुणाला सुचलेच नव्हते. पुढे मुदत वाढली, अशा बायकांनी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यावेत अशी सोय निघाली. पण योजना आखताना टेबलाभोवती बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर घर कसले होते, ते एवढ्यावरून कळते.

तामिळनाडूने 2023 मध्ये अशीच योजना आणली, महिना हजार रुपयांची. तिच्या नावातला ‘उरिमै’ हा शब्द हक्काचा वाचक आहे. आपण मात्र बहीण म्हटले आणि वर लाडकी म्हटले. लाड पुरवणाऱ्याच्या मर्जीवर असतात.

आता थोडे कामाचे. एकट्या पालकाच्या मुलासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना वेगळी आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि 2023 मध्ये तिची रक्कम मुलामागे दरमहा 2,250 रुपये झाली. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती मिळू शकते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जातो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक असे कागद लागतात. तिचेही पैसे वेळेवर येतीलच असे नाही. पण आमच्या स्टाफरूममध्ये मी चौकशी केली तेव्हा अकरापैकी दोघींनीच या योजनेचे नाव ऐकलेले होते. आणि शहापूरच्या बाईने तर ऐकलेलेच नव्हते. भाऊबीज झाली की ती मुलांचे दाखले घेऊन येणार आहे. अर्ज सुवाच्य अक्षरात भरून देणे एवढे मराठीच्या प्राध्यापिकेला यायला हरकत नाही.