बॅटरी बदलली, दोष तसाच

मागच्या वेळी इन्व्हर्टरबद्दल लिहिलं, तेव्हा काही जणांनी विचारलं होतं, "आणि मोटारसायकलच्या बॅटरीचं काय?" खरं सांगायचं तर या विषयात मी स्वतःच तोंडावर आपटलोय. तीच गोष्ट सांगतो.

मी पुण्यात, आई-बाबा बेळगावात, टिळकवाडीत. मे महिन्यात घरी आलो तर बाबा अंगणात गाडीला किक मारत होते. दोन किक मारायच्या, मग गुडघ्यावर हात ठेवून उभं राहायचं. सेल्फ चार महिन्यांपासून बंद होता. "सांगायचं नाही काय?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू कामात असतोस. एवढ्यासाठी कशाला फोन करायचा?" डॉक्टरांनी त्यांना किक मारायला मनाई केली होती, हे नंतर आईकडून कळलं.

त्याच दुपारी मी नवी बॅटरी आणून बसवली. बटण दाबलं, गाडी सुरू झाली. बाबा खूश, मी त्यांच्याहून खूश. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. बाबा गणपत गल्लीपासून घरापर्यंत भर पावसात गाडी ढकलत आले होते. सेल्फ लागेना, किक मारवेना. आईनं माझ्याकडे तक्रार केली नाही, फक्त "शनिवारी येतोस काय?" एवढंच विचारलं.

शनिवारी गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी बॅटरीला मीटर लावला आणि गाडी चालू करून रेस वाढवली. काटा ११.९ व्होल्टवर होता, तो तिथंच राहिला. "साहेब, टाकी नवी बसवलीत, पण नळालाच पाणी नाही," ते म्हणाले. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या गाडीत रेक्टिफायर-रेग्युलेटर गेला होता, त्यामुळे बॅटरी चार्जच होत नव्हती. जुनी बॅटरीही बहुधा त्यानंच मारली. ऑफिसात एखाद्यानं कारण न शोधता नुसता पार्ट बदलला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. घरी मी तेच केलं, आणि त्याची किंमत बाबांच्या गुडघ्यानं मोजली.

पाच अँपिअर-अवरची ती बॅटरी मेस्त्रींनी अर्ध्या अँपिअरवर रात्रभर चार्जिंगला ठेवली. क्षमतेच्या दहावा भाग करंट, हा जुना आणि भरवशाचा हिशेब. घाईनं मोटारीचा मोठा चार्जर लावला तर छोटी बॅटरी तापून खराब होते.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवा, लावताना ती शेवटी लावा. गाडीची चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चौकटीला लागला तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर वायरी काढून खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको. सीलबंद बॅटरी उघडू नका. जुनी भंगारात टाकू नका, दुकानात परत द्या. आत शिसं आणि आम्ल असतं, शिवाय नवीच्या किमतीत थोडी सूटही मिळते.

ज्या घरातली मुलं बाहेरगावी आहेत आणि गाडी नुसतीच अंगणात उभी आहे, त्यांनी विशेष लक्ष द्या. उभ्या गाडीची बॅटरीही हळूहळू उतरते, आणि उतरलेली तशीच राहिली की कायमची कमजोर होते. जागेवर दोन मिनिटं इंजिन चालवून फारसं काही साधत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारा. ते जमत नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना किकच नसते, तिथं तर हे टाळूच नका.

बाबांना मी साधा डिजिटल मीटर घेऊन दिला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी १२.६ किंवा जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली गेलं तर चार्जिंगला लावायची, एवढं शिकवलं. त्यांनी त्यासाठी वही घातली आहे.

आता दर पहिल्या तारखेला सकाळी फोन येतो. "बारा पॉइंट सात," बाबा सांगतात. मग मी गुडघ्याचं विचारतो, आणि आता ते तेही सांगतात.