वर्गणी बाईंची, अध्यक्षपद गुरुजींचं!

जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘गुरुजी’ म्हटलं की पूर्वी धोतर-टोपीतला माणूस डोळ्यांपुढे येई. आता खेडोपाडी पोरं ‘बाई आल्या, बाई आल्या’ म्हणत फाटकाकडे धावतात. हा बदल आपोआप झालेला नाही. १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक असावेत आणि त्यांतली एक शक्यतो स्त्री असावी, असं धोरण ठरलं. पुढे १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं आणि नोकऱ्यांत ३० टक्के जागा महिलांसाठी राखल्या गेल्या. त्याचं फळ आज दिसतं आहे. देशातल्या एकूण शिक्षकांत आता निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

शाळेत बाई आल्या, पण शिक्षकांच्या संघटनेत त्या कुठे आहेत? तालुक्याच्या कोणत्याही अधिवेशनाला जाऊन पाहा. दारात रांगोळी बाईंची, स्वागतगीत बाईंचं, पाहुण्यांचं औक्षण बाईंच्या हातून. मोर्चा निघाला तर पुढच्या दोन रांगा बाईंच्या, कारण पोलीस बाईमाणसाला अडवायला कचरतात आणि फोटोही चांगला येतो. मग व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या जातात. अध्यक्ष गुरुजी, सरचिटणीस गुरुजी, कोषाध्यक्ष गुरुजी. अगदी कडेच्या खुर्चीवर ‘महिला आघाडी’. सूत्रसंचालक म्हणतो, “वेळेअभावी मॅडमनी दोनच मिनिटांत मनोगत आटोपावं.” वर्गणीची पावती मात्र बाईंच्या नावे पूर्ण रकमेची फाटते. तिथे वेळेअभावी निम्मी घ्या, असं कुणी म्हणत नाही!

नेमणूक कळली वर्तमानपत्रातून

एका तालुक्यात घडलेली गोष्ट आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण ती बहुतेक तालुक्यांना लागू पडेल. एका शिक्षिकेला शेजारणीनं सकाळी सकाळी हाक मारली, “बाई, पेढे कधी देताय? पेपरात फोटो आलाय तुमचा!” त्या महिला आघाडीच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आल्या होत्या. बैठक झाली होती रात्री नऊला, तालुक्याच्या गावी, एका हॉटेलच्या मागच्या खोलीत. बाईंना ना निरोप, ना विचारणा. त्यांनी फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, “तुम्हाला काही करायचं नाही हो बाई. तुम्ही फक्त सही करा. बाकीचं आम्ही बघतो.”

“बाकीचं आम्ही बघतो” या तीन शब्दांत सगळं दुखणं आलं. आपण सरपंचबाईंच्या नवऱ्याला हसतो. ग्रामपंचायतीत बाई खुर्चीवर आणि कारभार त्याच्या हातात, यावर लेख लिहितो, पथनाट्यं बसवतो. मग शिकल्या-सवरल्या गुरुजनांच्या संघटनेत वेगळं काय चाललं आहे?

गावानं करून दाखवलं, गुरुजींनी कधी?

ज्या गावात ही शाळा आहे, त्या गावाकडे पाहा. ७३वी घटनादुरुस्ती १९९२ ची. ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, असं ठरवून दिलं. म्हणजे मोलमजुरी करणारी, कदाचित अंगठा उठवणारी आई शाळेच्या समितीत हक्कानं बसते आणि त्याच शाळेतली बी.एड. झालेली बाई आपल्याच संघटनेच्या बैठकीत दाराजवळ उभी असते. याला काय म्हणावं?

शिक्षकांच्या पतसंस्थांची कथा आणखी बोलकी आहे. संघटनेतली खरी ताकद कुठे असते, हे गावातल्या जाणत्यांना सांगायला नको. घरबांधणी, लेकीचं लग्न, आजारपण, सगळ्याला पतसंस्थेचं कर्ज लागतं. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. तिथल्या संचालकाचा शब्द चालतो. सहकार कायद्यानं संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत आणि मंडळ एकवीस जणांपर्यंतचं असू शकतं. दोन ही कमीत कमी संख्या आहे. सर्वसाधारण जागेवर बाईंनी उभं राहू नये, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण पॅनेल ठरवताना हिशेब असा मांडला जातो, “महिलांच्या दोन झाल्या, आता उरलेल्या आपल्या.” किमान मर्यादेलाच कमाल मर्यादा करून टाकली आहे!

प्रश्न बाईंचा, मागणी कुणाची?

कुणी म्हणेल, अध्यक्ष बाई असो वा गुरुजी, काय फरक पडतो? पगार, पेन्शन, बदल्या हे प्रश्न सगळ्यांचेच आहेत. ते खरं आहे. पण काही प्रश्न असे असतात की ज्याच्या अंगावर येतात त्यालाच त्यांची धग कळते.

दोन शिक्षकी शाळा घ्या. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की सहा महिने सगळे वर्ग एकट्या गुरुजींवर पडतात. बदली शिक्षक वेळेवर मिळत नाही. गावकरी कुरकुरतात, गुरुजी वैतागतात आणि सगळा रोष येतो बाईंच्या वाट्याला. जणू रजा घेऊन तिनं गुन्हाच केला! २०१८ साली राज्य सरकारनं मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा मंजूर केली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही ती लागू झाली. पण ती मागताना बाईंची जीभ अडखळते, कारण मागे शाळा उघडी पडते. खरी मागणी आहे रजेच्या काळात वर्गाला दुसरा शिक्षक मिळण्याची. ती मागण्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर असते? असते तरी का?

दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी सोय सांगितली आहे. कागदावर ती झालेलीही असते. पण पाणी नाही म्हणून कुलूप, किंवा दार मोडलं म्हणून त्यात सरपण. सकाळी घरातून निघालेली बाई दिवसभर पाणी पीत नाही. वर्गातल्या मोठ्या मुलीही पीत नाहीत. ही गोष्ट बाई बैठकीत कशी बोलणार, जिथे समोर पन्नास पुरुष बसलेले? पण अध्यक्षच बाई असेल तर तो विषय पहिल्या पाचांत येईल.

तिसरा प्रश्न नाजूक आहे, म्हणूनच तो टाळला जातो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. वाडीवरच्या शाळेत काम करणाऱ्या किती शिक्षिकांना हे ठाऊक आहे? आणि समजा तक्रार संघटनेच्याच एखाद्या पदाधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर बाईंनी जायचं कुणाकडे? “घरातली भांडणं घरातच मिटवू” असं सांगून मुदत उलटून जाते. संघटनेच्या पदावर बायका असतील तर निदान दार ठोठावायला एक जागा राहील.

संघटना केवळ मागण्यांसाठी नाही

आता एक गोष्ट बायकांनाही सांगितली पाहिजे. खुर्ची मिळवून पूर्वीच्याच वाटेनं जायचं असेल तर बदल काय झाला? ‘नेते’ गुरुजींबद्दल गावात काय बोललं जातं, हे आपल्याला माहीत आहे. “आमचे गुरुजी फार मोठे पुढारी आहेत, म्हणून तर शाळेत दिसत नाहीत!” ही टीका सरसकट सगळ्यांना लावणं अन्याय ठरेल, कारण अनेक पदाधिकारी शाळा सांभाळून संघटना चालवतात. पण जिथे ती खरी आहे तिथे शिक्षकांची पत गेली आहे. बाईंनी हा वारसा उचलू नये.

आपल्याकडे वेगळा वारसा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी तो नुसता ठराव करणारा संघ ठेवला नाही. ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, शिक्षिका घडवल्या. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्याकडे, गुरं चारण्याच्या कुरणात गेली. १९७३ साली ताराबाई गेल्या. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत काम पुढे नेलं. संस्था चालवणं बायकांना जमत नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा कोसबाडला जाऊन यावं.

परदेशातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ॲनी वेब ब्लँटन नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी सुरुवात केली ती खेड्यातल्या शाळेतून. १९१६ साली त्या राज्याच्या शिक्षक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९१८ साली निवडणूक जिंकून राज्याच्या शिक्षणप्रमुख. तरीही शिक्षिकांना बढती आणि मान मिळत नाही, हे पाहून त्यांनी १९२९ साली अकरा जणींना सोबत घेऊन शिक्षिकांची स्वतंत्र संस्था काढली. डेल्टा काप्पा गॅमा नावाची ती संस्था आज अनेक देशांत आहे. सांगण्याचा मुद्दा असा की, नुसतं एक पद मिळून भागत नाही. मागून येणाऱ्या मुलींना हात देणारी यंत्रणा लागते.

मग वेगळी चूल मांडायची का?

“बायकांनी वेगळी संघटना काढली तर एकी फुटेल,” हा आक्षेप लगेच येतो. त्यात तथ्य आहे. आधीच शिक्षकांच्या इतक्या संघटना आहेत की, एका शाळेत तीन शिक्षक आणि तीन पावत्या असा प्रकार दिसतो. त्यात चौथी कशाला? आमचं मत असं की, मागण्यांसाठी संघटना एकच असावी. पण शिक्षिकांचं स्वतःचं अभ्यासमंडळ तालुक्यात जरूर असावं आणि त्याचा कारभार पूर्णपणे बाईंच्या हाती असावा. महिन्यातून एकदा जमावं. पहिलीचं वाचन कुठे अडतं, भागाकार कसा शिकवावा, सातवीनंतर कुठल्या वाडीच्या मुलींची शाळा सुटते, यावर बोलावं. तिथेच रजेचे नियम समजून घ्यावेत, तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा ते नव्या मुलींना शिकवावं. असं मंडळ दोन-चार वर्षं नीट चाललं तर त्यातूनच उद्याची अध्यक्षा तयार होईल. तिला कुणी “फक्त सही करा” म्हणायला धजणार नाही.

“बायकाच पुढे येत नाहीत हो,” हा दुसरा आक्षेप. येतील कशा? बैठक रात्री नऊला, शेवटची एस.टी. साडेसहाला. घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. बैठकीची वेळ बदला, मग बायका येतात की नाही ते बघा. शनिवारी शाळा सकाळची असते तिथे दुपारी बारानंतर बैठक घ्या. पंचायत समितीच्या आवारात किंवा एखाद्या शाळेतच घ्या. हॉटेलची मागची खोली नको. लेकुरवाळीला मूल घेऊन बसता येईल अशी सतरंजी अंथरा. याला काही मोठा खर्च येत नाही.

घटना दुरुस्त करा

शेवटी मुद्द्याचं. प्रत्येक संघटनेला स्वतःची घटना असते. तीत तीन साध्या दुरुस्त्या हव्यात. पहिली, अध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष या तिन्ही पदांपैकी किमान एक प्रत्येक वेळी महिलेकडे असावं आणि अध्यक्षपद आळीपाळीनं यावं. दुसरी, महिला आघाडीची निवड महिला सभासदांनीच मतदानानं करावी, वरून नेमणूक नको. तिसरी, महिलांच्या उपक्रमांची रक्कम वेगळ्या खात्यात राहावी आणि सही त्यांचीच चालावी. पैसा नसलेलं पद म्हणजे बिनपाण्याचा हौद.

शेतकरी वाचक म्हणतील, हा शिक्षकांचा घरचा मामला, आमचा काय संबंध? तुमची लेक त्या शाळेत बसते, हा संबंध आहे. जी बाई आपल्या संघटनेत मान खाली घालून बसते, ती वर्गात तुमच्या लेकीला मान वर करायला कोणत्या तोंडानं सांगणार? दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. १८४८ साली शिकवायला निघालेल्या त्या बाईंनी कुणाच्या सहीची वाट पाहिली नव्हती.

तेव्हा शिक्षिका भगिनींनो, यंदाच्या वर्गणीची पावती फाडायला कुणी आलं तर चहा जरूर पाजा. पण पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा, “बैठक किती वाजता आहे, आणि अध्यक्षपदाचा अर्ज कुठे मिळतो?”