दोष मालकाचा, मौन नागरिकाचे

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. सह्याद्रीच्या धुवांधार पावसात टिकून राहणारी, तेलकट कातडीची आणि काळ्या टणक खुरांची ही जात पाहावयास आसपासच्या डोंगरांतून शेतकरी लोटतात. जाणता माणूस जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो. आणि खोड दिसली तर ती चारचौघांत बोलून दाखवतो. खोड सांगितली म्हणून मालकाने त्याच्यावर फिर्याद गुदरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. ‘आधी मौनाच्या कागदावर सही कर, मग खोड सांग’ असेही कोणी म्हणत नाही. आणि मुख्य म्हणजे, कोणते जनावर सरस हे मालक स्वतःच ठरवीत नाही. त्रयस्थ परीक्षक ते ठरवतात, आणि तेही जमावासमोर ठरवतात.

ज्या व्यवहाराला आपण अडाण्यांचा बाजार म्हणतो, त्याची ही साधी नीती संगणकयुगातील बड्या कंपन्यांना आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या शासनाला अद्याप शिकावयाची आहे. ‘बग बाउंटी’ या नावाने जो प्रकार आज प्रगतीचे चिन्ह म्हणून मिरवला जातो, त्याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी या कसोटीवर केला पाहिजे. हा विषय शहरातील संगणकतज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे समजणे घातक ठरेल. कारण ज्या यंत्रात हा दोष असतो त्याच यंत्रावर आज आपल्या माणसांचे धान्य आणि मजुरी अवलंबून आहे.

योजना थोडक्यात अशी. संगणकाच्या प्रणालीत उणिवा राहून जातात. त्यांतून चोर आत शिरतो, लोकांची खाजगी माहिती पळवतो किंवा पैसे लुबाडतो. अशी उणीव चोराच्या आधी एखाद्या हुशार माणसाने शोधून कंपनीला कळवली, तर कंपनी त्याला बक्षीस देते. १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीने अशी योजना जाहीर केली. पुढे २०१० मध्ये गुगलने, २०११ मध्ये फेसबुकने आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. या योजनांमुळे असंख्य उणिवा वेळीच बुजल्या, आपल्या देशातील अनेक तरुणांना त्यातून अर्थप्राप्ती झाली, हे मान्य केले पाहिजे. दोष शोधणाऱ्याला तुरुंगात टाकण्यापेक्षा त्याला बक्षीस देणे केव्हाही चांगले. आमचा आक्षेप बक्षिसाला नाही. बक्षिसाच्या आडून जे नियम लादले जातात त्यांना आहे.

हे नियम कोण करतो? मालक. कोणत्या भागात दोष शोधावयाचा आणि कोणत्या भागाकडे पाहावयाचेही नाही, हे तोच ठरवतो. सापडलेली गोष्ट दोष आहे की नाही, याचा निवाडा तोच करतो. तो दोष किती गंभीर, त्याचे मोल किती, हेही त्याच्याच मर्जीवर असते. दोष कळवणाऱ्याने तोंड कधी उघडावयाचे, किंबहुना उघडावयाचे की नाही, याचीही परवानगी त्याच्याकडूनच मागावी लागते. आरोपी, न्यायाधीश आणि खजिनदार या तिन्ही भूमिका एकाच्याच अंगावर असल्या म्हणजे न्यायाचे काय होते, हे गिरणी कामगाराला किंवा उसतोड मजुराला निराळे सांगावयास नको. शिवाय या व्यवहारात श्रमाचा दाम मिळत नाही. महिनोन्‌महिने शोध घेऊन काही सापडले नाही, किंवा सापडलेला दोष दुसऱ्याने एक दिवस आधी कळवलेला निघाला, तर हाती बहुधा काही पडत नाही. शंभर जणांनी राबावयाचे आणि एकाला बक्षीस द्यावयाचे, ही रोजंदारीहूनही स्वस्त अशी मजुरीची पद्धत आहे.

२०१३ मध्ये पॅलेस्टाईनमधील एका बेकार तरुणाला फेसबुकमध्ये एक मोठी उणीव आढळली. कोणाच्याही पानावर कोणीही लिहू शकेल, अशी ती होती. त्याने कंपनीला कळवले. ‘हा दोष नव्हे’ असे उत्तर आले. तेव्हा त्याने कंपनीच्या प्रमुखाच्या पानावरच लिहून दाखवले. दोष तत्काळ दुरुस्त झाला. पण नियमभंग केला म्हणून त्याला बक्षीस नाकारण्यात आले. अखेर जगभरच्या सहानुभूतीदारांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले.

याच्या अगदी उलट उदाहरण उबर कंपनीचे. २०१६ मध्ये दोघा चोरांनी तिच्याकडील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती पळवली. कंपनीने त्यांना १ लाख डॉलर दिले, मौनाच्या करारावर त्यांच्या सह्या घेतल्या आणि ही खंडणी दोषशोधाचे बक्षीस म्हणून खपवली. वर्षभरानंतर, २०१७ मध्ये, हे प्रकरण उघडकीस आले. आणि २०२२ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या सुरक्षा-प्रमुखाला अमेरिकेतील न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. प्रामाणिक तरुणाला नियमांचे कलम दाखवावयाचे आणि चोराला बक्षिसाचे पाकीट द्यावयाचे! पहिल्याने बोलून दाखवले आणि दुसऱ्यांनी तोंड बंद ठेवले, एवढाच काय तो फरक. या योजनेत पैसा नेमका कशाची किंमत म्हणून मोजला जातो, हे यावरून उघड व्हावे.

कोणी म्हणेल, खाजगी कंपनी आपल्या घराचे नियम आपण करणारच. वादासाठी हे क्षणभर मान्य करू. पण शासनाचे काय?

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक एका आदिवासी महिलेला देण्यात आला. ज्यांना कोणतीही ओळख नाही त्यांना ओळख देण्यासाठी ही योजना आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या यंत्रणेत उणीव आहे काय, हे शोधण्यासाठी विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दोषशोधाची योजना जाहीर केली. तिच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. केवळ वीस जणांना निवडावयाचे. ते या क्षेत्रातील नामांकित याद्यांत पहिल्या शंभरांत असावेत, किंवा मायक्रोसॉफ्ट, गुगल, फेसबुक, ॲपल यांसारख्या कंपन्यांच्या योजनांत त्यांचे नाव असावे, अथवा गेल्या वर्षभरात त्यांनी असे दोष शोधून दाखवलेले असावेत. आणि निवड झालेल्याने गुप्ततेच्या करारावर सही करावयाची. एका स्वतंत्र राष्ट्राची शंभर कोटींहून अधिक नागरिकांची यंत्रणा कोणी तपासावी, याच्या पात्रतेचा एक दाखला अमेरिकी कंपन्यांच्या मानपत्रावरून मिळणार! आणि तपासणीत काय निघाले हे ज्यांच्या बोटांचे ठसे त्या भांडारात पडले आहेत, त्यांना मात्र कळणार नाही.

या वीस जणांच्या पंगतीबाहेरच्या माणसाने दोष दाखवला तर काय होते, याचाही अनुभव देशाने घेतला आहे. जानेवारी २०१८ मध्ये चंडीगढच्या ‘ट्रिब्यून’ दैनिकाच्या महिला वार्ताहराने अवघ्या ५०० रुपयांत आधारधारकांची माहिती पाहण्याची सोय विकत मिळते, हे छापून दाखवले. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याने पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत विक्रेत्यांच्या जोडीला त्या वार्ताहराचेही नाव आले! देशभर निषेध झाल्यावर सारवासारव सुरू झाली. पण पहिली प्रतिक्रिया कोणती होती हे विसरता कामा नये. सत्तेने बक्षीस लावण्याची रीत अकोले तालुक्याला नवी नाही. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारीचे आणि कंपनी सरकारच्या राज्यव्यवस्थेचे दोष आपल्या पद्धतीने जगाला दाखवले, तेव्हा सरकारने बक्षीस लावले ते त्यांच्या शिरावर. आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. काळ पालटला, शिक्षेचे रूप पालटले. परंतु दोष आणि दोष दाखवणारा यांत गल्लत करण्याची सत्तेची सवय काही गेलेली नाही.

कायद्याची रचनाही याच सवयीतून झाली आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार, या कायद्याखालील गुन्ह्याची तक्रार न्यायालयात केवळ प्राधिकरणानेच करावयाची होती. ज्याची माहिती चोरीला गेली त्या नागरिकाला तो दरवाजा बंद होता. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाकडे बोट दाखवले, तेव्हा २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकासाठी दार काहीसे किलकिले झाले. मात्र त्याच दुरुस्तीने मध्यवर्ती भांडारात अनधिकृत प्रवेशाची शिक्षा तीन वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत वाढवली. चोराला दहा वर्षे शिक्षा जरूर व्हावी. पण लोकहितासाठी सद्‌बुद्धीने दोष तपासणाऱ्याला स्पष्ट अभय देणारे कलम या कायद्यात कोठे आहे?

आता या चर्चेत ज्यांचे नावही कोणी घेत नाही, त्या दोषशोधकांकडे वळू. भातलावणीत, दगड फोडण्यात, मोळ्या वाहण्यात जिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या, अशी म्हातारी रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवते. अंगठा उठत नाही. पुसून पुन्हा ठेवते. तरी उठत नाही. कधी डोंगरात नेटवर्क नसते, कधी ‘सर्व्हर डाऊन’ असतो. वस्तुतः त्या क्षणी तिने या प्रणालीतील अत्यंत गंभीर दोष शोधून काढलेला असतो, आणि तोही चार लोकांच्या साक्षीने! गुगलच्या यादीतील कोणत्याही तज्ज्ञाला वातानुकूलित खोलीत बसून हा दोष सापडणार नाही. पण तिला बक्षीस काय मिळते? ‘उद्या या.’ यंत्राचा दोष तिच्या बोटांच्या माथी मारला जातो, आणि दंड म्हणून तिचा दिवस बुडतो.

हा अपवाद आहे असे म्हणण्याची सोय नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्राधिकरणानेच सांगितले की, शासकीय सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरांत बारा वेळा ओळख पटत नव्हती. बँकेच्या व्यवहारात शंभरातील बारा धनादेश विनाकारण परत गेले असते, तर मुंबईच्या शेअर बाजारात हाहाकार उडाला असता. येथे उडाला नाही, कारण परत जाणारी ही माणसे गरीब होती. असे असता १ जानेवारी २०२४ पासून ग्रामीण रोजगार हमीची मजुरीही आधारशी जोडलेल्या पद्धतीनेच देण्याची सक्ती करण्यात आली. दोष दुरुस्त होण्यापूर्वी त्याचा विस्तार करण्याचा हा अजब न्याय!

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. दोष लगेच जाहीर केला तर चोरांचे फावेल, म्हणून मौन आवश्यक आहे, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. पण ते मुदतीपुरते. गुगलच्याच एका संशोधन गटाने दुसऱ्यांच्या प्रणालीतील दोषांसाठी ९० दिवसांची मुदत ठेवण्याचा प्रघात पाडला. तेवढ्या अवधीत दुरुस्ती करा, नाहीतर आम्ही जाहीर करू, असा त्याचा अर्थ. मुदतीचे मौन म्हणजे सावधगिरी; बेमुदत मौन म्हणजे लपवाछपवी. आणि रेशनच्या यंत्रावर न उठणारा अंगठा गुप्त ठेवून कोणत्या चोराला रोखावयाचे आहे?

दोष शोधण्याची याहून थोर परंपरा आपल्यापाशी आहे. रोजगार हमीच्या कामावरचे मस्टर चावडीत वाचून घेणाऱ्या मजुरांनी, राजस्थानात १९९४ पासून जनसुनवाया भरवणाऱ्या शेतकरी-कामगारांनी आणि याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून माहितीच्या अधिकारासाठी झालेल्या आंदोलनाने हेच केले. त्यांतून महाराष्ट्राचा २००२ चा आणि देशाचा २००५ चा कायदा आला. ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेच्या हाती दिले. कोणाही नागरिकाने दहा रुपये भरून शासनाचा दोष शोधावा आणि तो गावभर सांगावा, असा तो अधिकार. त्यात गुप्ततेचा करार नाही, नामांकितांची यादी नाही. अधिकाराची ही वाट अरुंद करावयाची आणि शेजारी निवडक वीस जणांसाठी बक्षिसाची खिडकी उघडावयाची, ही नागरिकाला आश्रित बनवण्याची युक्ती आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सद्‌हेतूने सार्वजनिक प्रणालीतील दोष शोधून कळवणाऱ्याला कायद्याने अभय द्या. दोष गंभीर आहे की नाही, याचा निवाडा प्राधिकरणाने नव्हे तर स्वतंत्र मंडळाने करावा. ठरलेल्या मुदतीनंतर दोष आणि दुरुस्ती दोन्ही मराठीसह सर्व भाषांत जाहीर करा. आणि यंत्राच्या दोषामुळे ज्याचे धान्य किंवा मजुरी अडली, त्याला त्याच दिवशी ते धान्य वा मजुरी व वर भरपाई मिळावी. दोष शोधणाऱ्या तज्ज्ञाला बक्षीस मिळते. तोच दोष सोसणाऱ्याला निदान भरपाई मिळालीच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी या मागण्यांसाठी दिल्लीची वाट पाहू नये. प्रत्येक रेशन दुकानासमोर एक वही ठेवा. कोणाचा अंगठा किती वेळा उठला नाही, कोण किती वेळा परत गेले, याची तारीखवार नोंद करा. ती ग्रामसभेत वाचा, ठराव करा आणि राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात व अकोल्याच्या तहसील कचेरीत पोहोच घेऊन दाखल करा. त्या वहीवर कोणाच्याही मौनाची सही नसेल. जनावराची खोड बाजारात उघड बोलून दाखवणाऱ्या या मुलखाला राज्ययंत्राची खोड उघड बोलून दाखवणे जड जाऊ नये.