सोशिक बाई कोणाला हवी आहे?

परदेशात राहणाऱ्या भारतीय बाईची एक ठरीव प्रतिमा प्रसारमाध्यमांनी रूढ केली आहे. खालमानेनं वावरणारी, सोशिक, घरच्यांच्या धाकातली. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत तिची कीव केली जाते, आपल्या हिंदी सिनेमात तिचं कौतुक होतं. बाई मात्र तीच. मैत्रिणींनो, या प्रतिमेची किंमत खऱ्या बायकांनी मोजली आहे, म्हणून हा विषय काढते आहे.

जानेवारी १९७९ मध्ये एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. तिथे राहणाऱ्या नियोजित वराशी तिचं लग्न व्हायचं होतं. वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नसे, विवाहितेला मात्र परवानगी घेऊन यावं लागे. ही आधीच विवाहित असावी असा संशय घेऊन अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य तपासणी करवली, तीही पुरुष डॉक्टरकडून. ‘गार्डियन’ने बातमी छापली, आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बायकांनी विमानतळावर निदर्शनं केली आणि सरकारला हा प्रकार थांबवावा लागला. अशा तपासणीला निदान ८० बायकांना तरी सामोरं जावं लागलं होतं, हे २०११ मध्ये सरकारी कागदपत्रांतून बाहेर आलं.

या तपासणीमागचा तर्क पाहा. लग्न न झालेली भारतीय बाई कुमारिकाच असणार! इंग्रज बाईबद्दल असा नियम कोणी लावला नसता. पण गोऱ्या साहेबाच्या या समजुतीवर आपण रागवावं, तर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) आठवतो. परक्या देशात रात्र एका खोलीत काढल्यावर नायक लंडनच्या नायिकेला दिलासा देतो, की हिंदुस्थानी मुलीची अब्रू म्हणजे काय हे तो जाणतो, तेव्हा तिनं निश्चिंत असावं. थिएटरात यावर टाळ्या पडल्या. साहेबाचा तर्क आणि नायकाचा दिलासा यांत मला फारसं अंतर दिसत नाही. देशाची इभ्रत बाईच्या शरीरात ठेवायची, मग ती तपासायची की जपायची एवढाच काय तो वाद.

खऱ्या बायका या चौकटीत कधीच मावल्या नव्हत्या. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई सक्तीच्या ओव्हरटाइमविरुद्ध काम सोडून बाहेर पडल्या. उंचीनं पाच फुटांहून कमी, गुजरातेत जन्मलेल्या, पूर्व आफ्रिकेतून विलायतेत आलेल्या. त्यांच्यामागून बाहेर पडलेल्यांत बहुसंख्य आशियाई बायकाच होत्या. जवळपास दोन वर्षं संप चालला. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं ‘साडीतल्या संपकरी’. नवल साडीचं वाटलं, कारण साडी नेसलेली बाई मालकाला उलट बोलते हे त्यांच्या चित्रात बसत नव्हतं. युनियनच्या पुढाऱ्यांनीही पाठ फिरवली, तेव्हा जयाबेन त्यांच्याच दारात उपोषणाला बसल्या. शेवटी संप हरला.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. घरात मार खाणाऱ्या आशियाई बाईनं तोंड उघडलं, की वंशवाद्यांच्या हाती कोलीत मिळतं. म्हणून समाजाचे पुढारी तिला दटावतात, घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’नं हे दटावणं मानलं नाही. दहा वर्षं छळ सोसून १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवणाऱ्या किरणजीत अहलुवालियाला खुनाबद्दल जन्मठेप झाली, तेव्हा या बायका तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९९२ मध्ये खुनाची शिक्षा रद्द होऊन ती सुटली. पोलिसांच्या वंशवादाविरुद्ध आणि घरातल्या नवरेशाहीविरुद्ध एकाच वेळी लढता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

त्यांच्या नावातला ‘ब्लॅक’ शब्दही मला महत्त्वाचा वाटतो. पंजाबी, गुजराती बायका आफ्रिकी आणि कॅरिबियन बहिणींसोबत स्वतःला अभिमानानं काळ्या म्हणवून घेत होत्या. आपल्याकडे २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं, पण परदेशस्थ स्थळासाठी मुलगी गोरीच हवी असते. तिथल्या वंशवादावर बोलताना घरातल्या या वर्णद्वेषावर गप्प बसण्याचा हक्क आपल्याला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की परदेशातल्या भारतीय बाईविषयी बातमी वाचताना, सिनेमा पाहताना आपण दोन प्रश्न विचारावेत. या चित्रात बाई स्वतः काय बोलते? आणि ती गप्प राहिल्यानं कोणाची सोय होते? मुलींबरोबर सिनेमा पाहून आल्यावर हे मोठ्यानं विचारून पाहा. घरात वाद होईल, तो होऊ द्यावा.