वीस पडले तरी दार उघडत नाही

या आठवड्याच्या व्हिडिओत मी वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बसलो, तेव्हा काहींना वाटलं असेल की सर आता भविष्य सांगायला लागले. तसं काही नाही. विषय आपला नेहमीचाच आहे: समोरच्याला पटवायचं कसं? फक्त या वेळी तो मला एका खेळाने शिकवला, आणि तोही चारचौघांत माझं नाक कापून.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या अंगच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. लढाया असतात, तशा बोलण्याही असतात. पटवणं, थापा मारणं, धमकावणं ही तिथे चक्क वेगवेगळी कौशल्यं आहेत.

भाच्याच्या मित्रांनी एका रविवारी मलाही बसवलं. मी अर्थातच बोलघेवडं पात्र घेतलं. इतकी वर्षं विक्री शिकवतोय, दुसरं काय घेणार? प्रसंग असा होता: रात्रीची वेळ, शहराचं दार बंद, आणि दारावरचा पहारेकरी आमच्यावर आधीच डाफरलेला. मी उठून उभा राहिलो आणि झकास भाषण ठोकलं. फासा टाकला, १८ पडले. माझे ५ मिळवून २३. टाळ्या! मी म्हटलं, "चला, उघडा दार."

डन्जन मास्टर, म्हणजे विशीतला पोरगा, शांतपणे म्हणाला, "काका, तो म्हणतोय की बाहेरच्या ओट्यावर झोपा, मी हाकलणार नाही."

मी भांडलो. खरंच भांडलो. २३ म्हणजे काय चेष्टा आहे का? तेव्हा त्याने २०१४ च्या नियमपुस्तकातला तक्ता काढून दाखवला. समोरचा माणूस तीन प्रकारचा असतो: तुमच्याकडे ओढा असलेला, तटस्थ, नाहीतर विरोधातला. विरोधातल्या माणसासमोर तुम्ही २० च्या वर कितीही आणा, तो फक्त तेवढंच करतो ज्यात त्याला कसलाही धोका नाही आणि पदरचं काही सोडावं लागत नाही. तटस्थ माणूस २० ला छोटासा धोका पत्करतो. मोठा धोका पत्करतो तो फक्त आपला माणूस, आणि त्यालाही २० लागतात. रात्री दार उघडलं तर पहारेकऱ्याची नोकरी जाणार होती. माझ्या भाषणाने ती वाचणार नव्हती.

मंडळी, हा तक्ता मी फोटो काढून ठेवलाय.

कारण आपल्या बॅचमधला प्रत्येक दुसरा माणूस मला एकच सांगतो, "सर, मला बोलता येत नाही म्हणून माल खपत नाही." मला हे पटत नाही. बोलणं कमी पडतं त्यापेक्षा मागणं जास्त होतं, असं माझं मत आहे. तुम्ही नवीन किराणा दुकानात जाता, ओळख ना पाळख, आणि म्हणता ५० पाकिटं चिवडा रोखीने घ्या. दुकानदाराच्या बाजूने बघा. पैसे अडकणार, रॅकवरची जागा अडकणार, माल पडून राहिला तर खवट होऊन त्याच्याच गळ्यात येणार. तीन धोके, आणि तो अजून तटस्थसुद्धा नाही. इथे तुम्ही कितीही गोड बोला. त्याऐवजी १० पाकिटं काउंटरवर ठेवा, विकतील तसे पैसे द्या, उरलेली मी पंधरा दिवसांनी स्वतः उचलतो, असं म्हटलं की त्याच्यापुढे धोकाच राहत नाही. मग साधं बोलणंही पुरतं.

आता त्या रात्रीचं पुढचं ऐका. आमच्यात एक मुलगी होती, तासभर जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. तिचं पात्र योद्ध्याचं, बोलण्याच्या बाबतीत उणे एक. तिने पहारेकऱ्याला काही मागितलंच नाही. विचारलं, "तुम्ही सारखं रस्त्याकडे का बघताय?" त्याचा भाऊ मालाच्या गाड्यांबरोबर यायचा होता, आला नव्हता. आम्ही वाटेत त्या गाड्या पुलापाशी पाहिल्या होत्या. एक चाक मोडलं होतं, माणसं सुखरूप होती. मी ते साफ विसरलो होतो. तिने ते सांगितलं आणि गडी मऊ पडला. नियमातही हे आहे. समोरच्याच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीला हात घातला तर तो तेवढ्या बोलण्यापुरता एक पायरी वर येतो, विरोधातला असेल तर तटस्थ होतो. मग तिने मागितलं काय? दार नव्हेच. "आतल्या देवळातल्या पुजाऱ्यांना आम्ही आलोय एवढा निरोप द्याल?" फासा १२, वजा १, म्हणजे ११. तटस्थ माणसाकडून बिनधोक काम करून घ्यायला १० लागतात. निरोप गेला, पुजारी आले, त्यांच्या शब्दावर अधिकाऱ्याने दार उघडलं. माझे २३ ओट्यावरच झोपले!

२०२४ च्या नवीन नियमांत तर हे अजून उघड लिहिलंय. समोरच्याला जे हवंच आहे ते मागितलं, तर फासा टाकायचीच गरज नाही. जे त्याच्या तत्त्वातच बसत नाही ते मागितलं, तरीही फासा नाही, उत्तर नाहीच. फासा फक्त कां-कूं करणाऱ्या माणसासाठी. आणि हुकला, तर तीच गोष्ट त्याच पद्धतीने पुन्हा विचारायला २४ तास थांबायचं. हा शेवटचा नियम मी आपल्या फॉलो-अपवाल्यांना मोठ्या अक्षरांत छापून देणार आहे. सकाळी "सर, विचार केला का?", दुपारी "सर, काही ठरलं का?" आणि संध्याकाळी मिस्ड कॉल. अहो, तो नंबर सेव्ह करतो ते उचलायला नाही, टाळायला!

धमकीबद्दलही एक सांगतो, कारण वसुलीच्या वेळी आपल्या जिभेला धार येते. पाथफाइंडर नावाचा याच जातीचा दुसरा खेळ आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत दमदाटी करून काम करून घेता येतं, पण तो माणूस जास्तीत जास्त एक दिवस ऐकतो. त्यानंतर तो तुमच्यावर नाराज होतो आणि उलटूही शकतो. थकलेले चार हजार दुकानात आरडाओरडा करून मिळतीलही. पण दुसऱ्या दिवशी त्या रॅकवर कुणाचा चिवडा दिसेल?

खेळातलं सगळंच डोक्यावर घेऊ नका, हेही म्हणतो. तिथे पहारेकरी एकदा भेटतो आणि गोष्ट पुढच्या गावाला जाते. आपल्याला दर मंगळवारी त्याच दुकानात जायचं असतं. थाप खेळात पचते, धंद्यात महिनाभरात बाहेर येते. दुसरं म्हणजे खेळणाऱ्यांना "राहू दे, हा सौदा नको" म्हणून उठायची सवय लागत नाही, कारण दार उघडलं नाही तर गोष्टच अडते. तुमचं तसं नाही. गावात दुसरी दुकानं आहेत. मार्जिन जिथे संपतं तो आकडा घरून ठरवून निघा, आणि तिथे पोचलात की नमस्कार करून बाहेर पडा.

पण सराव म्हणून मला हे आवडलं. लाजऱ्या माणसाला आरशासमोर बोलून काही होत नाही, आरसा कधी "नको" म्हणत नाही. म्हणून मागच्या बॅचमध्ये मी फासा ठेवला बाजूला आणि फक्त चिठ्ठी घेतली. दोघं समोरासमोर. एक दुकानदार. त्याने आपली खरी अडचण चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायची, विचारल्याशिवाय सांगायची नाही. मसाले करणाऱ्या एक ताई विक्रेत्या झाल्या. पहिली चार मिनिटं त्यांनी हळद कशी घरची, मिरची कशी निवडलेली, सगळं सांगितलं. दुकानदार नुसता मान हलवत होता. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी नाइलाजाने विचारलं, "दादा, याआधी कुणाचा मसाला ठेवला होता का तुम्ही?"

त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. लिहिलं होतं, "मागच्या मसालेवाल्याने उरलेला माल परत नेलाच नाही."